दूरच्या टोकाला इंजिन मंदावते आणि शॉर्ट झाला तरी डीसीसी बंद पडत नाही: वायरिंगमध्ये काय चुकले असावे?

देवळालीकर:

नमस्कार मंडळी. माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट एचओ म्हणजे १:८७ प्रमाणातला असून बंद केलेली गॅलरी आणि तिला लागून असलेली खोली यांत तो काटकोनात वळतो. त्याची एक बाजू बारा फुटांची आहे आणि दुसरी आठ फुटांची. दिवाळीपर्यंत तो साध्या डीसी कंट्रोलरवर चालत होता. त्यानंतर मी डीसीसीकडे, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनातल्या डिकोडरला डिजिटल आदेश पाठवण्याच्या पद्धतीकडे वळलो, अर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डवर डीसीसी-ईएक्स ही मुक्त प्रणाली चढवली, बाजारात मिळणारे लाल रंगाचे एल२९८एन मोटर ड्रायव्हर बोर्ड तिला जोडले आणि १५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर दिला. मोबाइलवरून इंजिने चालतात, दिवे लागतात, मात्र चार अडचणी सुटत नाहीत.

पहिली अशी की, दोन इंजिने आणि दिव्यांचे डबे एकाच वेळी चालू असले की दूरच्या टोकाला वेग स्पष्टपणे कमी होतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून मोजले असता स्टेशनजवळ, म्हणजे रुळांना वीज आणि आदेश देणाऱ्या या अर्डुइनोच्या संचाजवळ, १२.६ आणि त्या टोकाला ९.१ असे आकडे आले. रुळांना वीज एकाच ठिकाणी, पूर्वीच्याच टेलिफोनच्या बारीक वायरने दिलेली आहे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. परवा एक वॅगन सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागी) घसरून आडवी झाली, मला ते काही वेळ कळले नाही आणि डीसीसीही बंद पडले नाही. वास आला तेव्हा त्या वॅगनची बोगी मऊ होऊन वाकली होती आणि खालचे दोन स्लीपर वितळले होते. तिसरी म्हणजे, प्रोग्रॅमिंगच्या रुळावर इंजिन ठेवून सीव्ही (डिकोडरमध्ये साठवलेली सेटिंग) वाचायला गेलो की दरवेळी वाचन अयशस्वी झाल्याचा संदेश येतो, त्यामुळे डिकोडरच खराब आहे की काय अशी शंका वाटते. चौथी, लहानसे शंटिंग इंजिन काही सांध्यांवर हमखास थांबते आणि बोटाने ढकलावे लागते.

याखेरीज एक विचारायचे आहे. पुढच्या टप्प्यात एका टोकाला बलून लूप (गाडीला फिरवून त्याच मार्गावर परत आणणारे वळण) आणि दुसऱ्या टोकाला जुन्या बोर घाटात होते तसे रिव्हर्सिंग स्टेशन करण्याचा विचार आहे. या दोन्ही ठिकाणी ऑटो-रिव्हर्सर, म्हणजे रुळांच्या दोन तारा आपोआप उलट करणारे यंत्र, लागेल का?

सांधेवाला:

आपली दुसरी आणि तिसरी अडचण वेगळी दिसत असली तरी माझ्या मते ती एकच आहे आणि डिकोडर बहुधा निर्दोष आहे.

प्रोग्रॅमिंगच्या रुळावर डिकोडर उत्तर कसे देतो ते पाहा. त्याच्याकडे उलट संदेश पाठवण्याची वेगळी सोय नसते, म्हणून तो मोटरला क्षणभर वीज देतो आणि किमान ६० मिलिअँपिअरचा, सुमारे ६ मिलिसेकंदांचा एक झटका विद्युतप्रवाहात उमटतो. स्टेशनने तो झटका मोजला तर त्याला ‘होय’ असे उत्तर मिळाले. म्हणूनच वाचन चालू असताना इंजिन किंचित थरथरते. आता आपल्या लाल बोर्डवर एल२९८ या चिपचे प्रवाह मोजण्याचे दोन्ही पाय थेट ग्राउंडला जोडलेले असतात, त्यामुळे किती प्रवाह वाहतो आहे हे अर्डुइनोला कधीच कळत नाही. ज्याला ६० मिलिअँपिअरचा झटका दिसत नाही त्याला ५ अँपिअरचा शॉर्टही दिसत नाही. आपला अ‍ॅडॉप्टर १५ गुणिले ५, म्हणजे ७५ वॉट देऊ शकतो. २५ वॉटची तीन सोल्डरिंग आयर्न एकत्र धरावीत इतकी उष्णता त्या बोगीजवळ निर्माण होण्याची शक्यता होती, तेव्हा दोन स्लीपरांवर निभावले हे चांगलेच झाले.

उपाय असा की, ते बोर्ड काढून प्रवाह मोजणारे मोटर शील्ड बसवावे. अर्डुइनोच्या आर३ मोटर शील्डवरही एल२९८ कुळातलीच चिप आहे, पण प्रवाहाचे मोजमाप अर्डुइनोपर्यंत पोहोचवलेले आहे. डीसीसी-ईएक्स त्याची एक वाहिनी मुख्य रुळांसाठी आणि दुसरी प्रोग्रॅमिंगसाठी वापरते. शील्ड बसवण्यापूर्वी त्याच्या पाठीमागची ‘व्हीआयएन कनेक्ट’ अशी खूण असलेली बारीक पट्टी धारदार पात्याने कापून टाकावी आणि ती खरोखर तुटली आहे हे मल्टिमीटरने तपासावे. ती तशीच राहिली तर रुळांसाठीचे १५ व्होल्ट सरळ मेगाच्या रेग्युलेटरवर जातात आणि तो तापतो. मेगाला वेगळा अ‍ॅडॉप्टर द्यावा.

आता पहिल्या अडचणीकडे वळतो. साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असतो आणि डीसीसीचा चौकोनी सिग्नल काही हजार हर्ट्झचा असतो, म्हणून आपले आकडे तंतोतंत मानू नयेत, परंतु दोन जागांची तुलना करण्यासाठी ते पुरेसे आहेत. साडेतीन व्होल्टची घट बारीक वायर आणि रूळ यांनी मिळून केली आहे. निकेल-सिल्व्हरचे रूळ दिसायला जाडजूड असले तरी त्या मिश्रधातूची वहनक्षमता तांब्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नसते, आणि दोन रूळ जोडणारी प्रत्येक फिशप्लेट त्यात आपला वाटा घालते. वीज वाहून नेण्याचे काम रुळांकडे सोपवूच नये.

लेआउटखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन जाड वायरींचा बस टाकावा. आपला बस सुमारे ६ मीटरचा होईल, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर तांबे. घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर त्याचा रोध साधारण ०.१५ ओहम भरतो आणि ३ अँपिअरला जेमतेम ०.४५ व्होल्टची घट होते. २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट पाव व्होल्टच्या आसपास राहते. लेआउट वाढवण्याचा विचार असल्याने मी २.५ची घेईन, कारण नंतर फळीखाली आडवे झोपून वायर बदलण्यापेक्षा आत्ता थोडे पैसे जास्त देणे परवडते. बसपासून रुळांपर्यंत ०.५ चौरस मिलिमीटरचे फीडर सोडावेत, ते फूटभराहून लांब नसावेत आणि रुळाच्या प्रत्येक सलग तुकड्याला स्वतःची जोडी मिळावी. फिशप्लेटने फक्त रूळ सरळ रेषेत धरावेत.

फीडर रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करावा, म्हणजे चाकाची कड त्याला लागत नाही. रूळ आधी घासून त्याला थोडा फ्लक्स लावावा, रुळाला आणि वायरीला वेगवेगळे कल्हईसारखे सोल्डर चढवून घ्यावे आणि मग आयर्न दोन सेकंदांहून अधिक न टेकवता ते एकजीव करावेत. दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओला कापूस ठेवला तर ते वितळत नाहीत.

हे सर्व झाल्यावर नाण्याची परीक्षा घ्यावी. रुपयाचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे टेकवावे. रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर असल्याने ते सहज पुरते. नाणे टेकताक्षणी स्टेशनने वीज तोडली पाहिजे. प्रत्येक तुकड्यावर आणि प्रत्येक सांध्याच्या पलीकडे ही परीक्षा घ्यावी. सध्याच्या लाल बोर्डवर मात्र ती मुळीच घेऊ नये.

बोगद्यापलीकडे:

वरच्या उत्तरात सांधे आणि लूप राहिले आहेत, तेवढ्यापुरते लिहितो.

आपले सांधे जिवंत फ्रॉगचे असावेत, म्हणजे मधला, दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथला, धातूचा फ्रॉग सांधा फिरेल त्याप्रमाणे या किंवा त्या रुळाची वीज घेतो. कारखान्यातून आलेल्या स्थितीत ही वीज सरकणारे पाते बाहेरच्या रुळाला टेकल्यावरच मिळते, आणि त्या टेकण्याच्या जागी धूळ, रंग किंवा खडीचा गोंद साचला की फ्रॉग मृत होतो. लांब इंजिनाची इतर चाके वीज घेत राहतात, शंटर मात्र तिथेच थांबतो. फ्रॉगपलीकडच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जोड लावावेत, फ्रॉगला एक वायर सोल्डर करावी आणि ती सांध्याच्या मोटरबरोबर फिरणाऱ्या दुहेरी संपर्काच्या स्विचमधून बसच्या योग्य तारेला द्यावी. सांधा हाताने फिरवत असाल तर ओढकाठीला टेकणारा एक मायक्रोस्विच पुरतो.

याहून एक पाऊल पुढे जायचे तर पाती फ्रॉगपासून बारीक करवतीने विलग करून प्रत्येक पाते आपापल्या शेजारच्या बाहेरच्या रुळाला कायमचे जोडावे. डीसीवर याची गरज भासत नव्हती. डीसीसीत मात्र उघड्या पात्याला एखाद्या चाकाची पाठ क्षणभर घासली तरी विरुद्ध तारा भिडतात आणि सबंध लेआउट थबकतो. आपली वॅगन सांध्यावरच घसरली होती, म्हणून चाकांमधले अंतरही एकदा मोजून पाहावे.

लूपविषयीची खात्री कागदावर करता येते. आराखड्यात एक रूळ तांबड्या आणि दुसरा काळ्या पेन्सिलीने, न उचलता, रंगवत जावा. जिथे तांबडा काळ्याला जाऊन मिळतो तिथे ऑटो-रिव्हर्सर हवा. बलून लूपमध्ये तो हवाच. लूपचा एक भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत, समोरासमोर छेद देऊन वेगळा करावा आणि तो आपल्या सर्वांत लांब गाडीहून लांब असावा, कारण गाडीची धातूची चाके एकाच वेळी दोन्ही टोकांचे छेद ओलांडू लागली तर रिव्हर्सरला कोणाची बाजू घ्यावी हे ठरवता येत नाही. दुसरे असे की, रिव्हर्सरही शॉर्ट ओळखूनच तारा उलट करतो, त्यामुळे त्याची मर्यादा स्टेशनच्या मर्यादेहून कमी ठेवावी लागते. तसे नसेल तर स्टेशन आधी बंद पडेल आणि रिव्हर्सरला काम करण्याची संधीच मिळणार नाही.

रिव्हर्सिंग स्टेशनला मात्र यातले काहीही लागत नाही. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोर घाटाच्या मार्गावर खंडाळ्याजवळ गाडी एका आंधळ्या टोकाकडे जाऊन थांबत असे, इंजिन दुसऱ्या टोकाला घेतले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण धरत असे. तिथे गाडी उलटते, रूळ स्वतःभोवती वळून येत नाहीत. पेन्सिलीने रंगवून पाहा, तांबडा शेवटपर्यंत तांबडाच राहील. इंजिन पलीकडच्या टोकाला नेण्याचा पळवाटेचा रूळही त्याच नियमात बसतो. डीसीसीत पुढे-मागे ही दिशा इंजिनाच्या स्वतःच्या तोंडावरून ठरते, त्यामुळे हे स्टेशन चालवायला तर फारच सोयीचे होईल. आपण ते अवश्य करावे.

ग्रँट रोड लोकल:

माझ्याकडे बसच्या प्रत्येक विभागाच्या मालिकेत गाडीच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब लावलेला आहे. शॉर्ट झाला की तो लख्ख पेटतो, प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडतो, बाकीचे विभाग चालू राहतात आणि दोष कोणत्या विभागात आहे ते लांबूनही दिसते. वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो.

आणखी एक सुचवतो. जुना डीसी कंट्रोलर लेआउटवरून पूर्णपणे काढून टाकावा, नुसता बंद करून ठेवू नये. एखादा विभाग त्याला चुकून जोडलेला राहिला आणि इंजिनाच्या चाकांनी दोन्ही बाजू जोडल्या, तर स्टेशन आणि कंट्रोलर दोन्ही गमवावे लागतील. तसेच डीसीच्या काळातल्या रूळ-जोडणीच्या काही क्लिपांमध्ये रेडिओचा खरखराट घालवण्यासाठी छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. तो डीसीसीचा सिग्नल बिघडवतो, म्हणून त्या क्लिप उघडून पाहाव्यात.

सांधेवाला:

कपॅसिटरची सूचना महत्त्वाची आहे, ती माझ्याकडून राहून गेली होती. बल्बबद्दल मात्र थोडी असहमती नोंदवतो. आपले स्टेशन ५ अँपिअरचे असेल तर ही जुनी युक्ती उत्तम चालते. देवळालीकरांच्या नव्या शील्डची वरची मर्यादाच वाहिनीमागे २ अँपिअर आहे, आणि थंड बल्बचा रोध फारच कमी असल्याने बल्ब तापून प्रवाह अडवण्यापूर्वी स्टेशन ट्रिप होईल. त्यांनी आत्ता तो लावण्यात अर्थ नाही, पुढे जास्त अँपिअर देणारा मोठा बूस्टर घेतला तर जरूर लावावा. सहा मीटरच्या बसला टोकाला रोध-कपॅसिटरची जोडी लावण्याचीही गरज नाही, दोन्ही तारांना दर फुटाला दोन-तीन सैलसर पीळ दिले की पुरे.

देवळालीकर:

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. शील्ड बसवले, पट्टी कापली आणि पहिल्याच प्रयत्नात सीव्ही वाचता आला. ज्या इंजिनाचा डिकोडर मी परत पाठवणार होतो त्याचा पत्ता ३ असा मूळचाच निघाला. बस २.५चा टाकला, पंधरा फीडरांच्या जोड्या दिल्या. आता त्याच मीटरवर, त्याच दोन गाड्या चालू असताना, दोन्ही टोकांतला फरक ०.३च्या पुढे जात नाही.

नाण्याच्या परीक्षेत मात्र दोन जागा नापास झाल्या. पहिल्या ठिकाणी फीडर नुसता चिकटल्यासारखा दिसत होता, हलकेच ओढताच हातात आला. दुसरी जागा बोगद्यात होती. वीतभर लांबीच्या एका तुकड्याला फीडर द्यायचा मी आळस केला होता आणि खडी चिकटवताना पाणी घालून पातळ केलेले फेव्हिकॉल त्याच्या फिशप्लेटमध्ये उतरून वाळले होते. गाड्या तिथून वेगाने जात असल्याने हे कधी लक्षातच आले नव्हते. आता तो तुकडा काढण्यासाठी बोगद्याचे छप्पर उचलावे लागणार आहे. सांध्यांपैकी दोनांना मायक्रोस्विच लावून झाले आहेत आणि त्या दोघांवरून शंटर न थांबता जातो. उरलेले चार या रविवारी घेतो.