शब्दचर्चा: प्रस्तरारोहणातल्या हाफ क्रिम्प, फुल क्रिम्प, ओपन हँड या बोटांच्या पकडींना मराठीत काय म्हणावं?

पन्हाळवाट: कोल्हापुरात आम्ही काही जण कॉलेजच्या पोरांकडून प्रस्तरारोहणाची तयारी करून घेतो. बोटांच्या ताकदीसाठी हँगबोर्डवर, म्हणजे भिंतीवर उंच ठोकलेल्या कडा-खाचांच्या फळीवर, लटकताना कोणत्या पकडीत लटकायचं, हे आधी ठरवावं लागतं. 'हाफ क्रिम्प' म्हटलं तर नवी पोरं नुसती बघत राहतात, 'अर्धी मूठ' म्हटलं तर मूठच वळतात. खालून ओरडून सांगता येतील असे शब्द सुचवा.

गंगावेसकर: दादा, आधी 'पकड' या शब्दाचंच बघू. तालमीत पकड म्हणजे पैलवान करतो ती. 'पकड आवळली', 'पकड सुटली'. समोरच्याच्या मनगटाला कोणी पकड म्हणत नाही. कातळावर चढणारे मात्र 'होल्ड'लाही पकड म्हणतात आणि 'ग्रिप'लाही. मग 'पकड बारीक आहे' म्हणजे दगडाची कड बारीक की बोटं कमी टेकलीत, ते कळत नाही. दगडाला त्याच्या रूपावरून नाव द्यावं: कड, कपार, फुगवटा, खोबण. गडावर कातळात हात घालायला कोरलेल्या खाचेला आपण खोबणच म्हणतो की. स्लोपर (फुगवटा) आणि पॉकेट (खोबण) या यादीत बसतात, पकडींच्या यादीत ते नकोत.

बोटभर: मान्य. पकडीचं नाव मात्र बोटाचा मधला सांधा काय करतो त्यावरून ठरावं, कारण भार तिथं बदलतो. हाफ क्रिम्पमध्ये हा सांधा साधारण ९० अंशांत असतो आणि अंगठा मोकळा. त्याला 'काटकोनी पकड' म्हणू. फुल क्रिम्पमध्ये तो ९० अंशांच्या पुढे मुडपतो, टोकाचा सांधा उलटा वाकतो आणि अंगठा तर्जनीवर चढून तिला दाबून धरतो. ती 'अंगठाबंद'.

अंगठाबंदला वेगळं, ठसठशीत नाव हवंच. बोटाच्या मुळाकडच्या पेरात कंडरेला, म्हणजे बोट वाकवणाऱ्या स्नायूच्या दोरीला, हाडालगत धरून ठेवणारं एक कडं असतं, डॉक्टर त्याला ए-टू पुली म्हणतात. मधला सांधा जास्त मुडपला की कंडरा हाडापासून सुटायला बघते आणि खूप ताण त्या कड्यावर येतो. चढणाऱ्यांमध्ये हे कडं फाटण्याची दुखापत नेहमीची आहे, आणि बहुतेकदा अनामिकेची. वाढीच्या वयातल्या मुलांना तर ही पकड रोजच्या सरावात देऊच नये. त्यांच्या बोटांच्या हाडांचा वाढणारा भाग कच्चा असतो, तिथं हाड मोडू शकतं.

एक विनंती. 'मधलं पेर वाकवा' असं सांगू नका. आपल्याकडं शेतकरी 'उसाची पेरं लांब पडलीत' म्हणतो ते दोन गाठींमधल्या भागाला. बोटाचंही तसंच, वाकतो तो सांधा.

पन्हाळवाट: ओपन हँडला 'उघडी पकड' चालेल?

गंगावेसकर: पोरं बोटं फाकवतील. 'लांबबोटी' म्हणा. 'आखूडशिंगी' म्हणतो तसं. बोटं लांब ठेवून कडेला अडकवायची, हे शब्दातच आलं.

बोटभर: लांबबोटी छान आहे. शिवाय ज्या कोनात सराव करावा त्याच कोनात ताकद जास्त वाढते, त्यामुळं काटकोनी आणि लांबबोटी दोन्हींत लटकावं लागतं. २० मिलिमीटरची कड घ्या. १० सेकंद लटकून पुरेशी विश्रांती, किंवा ७ सेकंद लटकणं आणि ३ सेकंद सुटी अशा फेऱ्या. कोन मोडला की उतरायचं, मग सेकंद उरले असले तरी.

पन्हाळवाट: अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून दाबायच्या पिंचला 'चिमूट' लिहिलं होतं, ते खोडून 'चिमटा' करतो. चिमूट मिठाची, त्यात जोर नसतो. आणि करंगळी सोडून तीन बोटांवर लांबबोटी लटकतात, त्याला 'तिबोटी'?

बोटभर: चालेल. फक्त करंगळी सैल सोडायला सांगा. ती आत वळवून घट्ट आवळली की तळहातातले बारीक स्नायू दुखावू शकतात.