साथरोगाचे आदेश: मुदत बांधायची की सरकारला मोकळीक द्यायची?

महाद्वारकर:
१८९७ चा साथरोग कायदा मुळात चार कलमांचा. कलम २ म्हणतं, नेहमीचा कायदा पुरा पडेना असं राज्य सरकारला वाटलं की त्यानं तात्पुरते नियम करावेत. तात्पुरते म्हणजे किती दिवस, ते कुठंच नाही. कोरोना आला तेव्हा १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात तो लागू झाला, दुसऱ्या दिवशी नियमावली निघाली आणि निर्बंध पूर्ण उठले ते १ एप्रिल २०२२ ला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खालच्या जमावबंदीच्या आदेशालासुद्धा दोन महिन्यांची मर्यादा होती, सरकारनं वाढवला तरी आणखी सहा महिने. माझी मागणी एवढीच: आदेश ३० दिवसांनी आपोआप संपावा, पुढं न्यायचा तर विधिमंडळाची मंजुरी घ्यावी.

पंचगंगा_घाट:
अजिबात पटलं नाही. लोकांना घरात बसवायचं आणि २८८ आमदार एका सभागृहात? २१ मे २०२० चा आदेश आठवा. खासगी दवाखान्यांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दरात आल्या: दिवसाला साधा वॉर्ड ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. महिन्याभरात आदेश पडेल अशी आशा असती, तर कितीतरी दवाखान्यांनी खाटा दडवून वाट बघितली असती.

महाद्वारकर:
पहिले ३० दिवस सरकारची सही पुरेशीच आहे, त्याला माझी हरकत नाही. आणि ७ व ८ सप्टेंबर २०२० ला अधिवेशन झालंच की. दर चांगले होते, पण पीपीई किट आणि महागडी औषधं त्यातून वगळली आणि बिलं फुगली ती तिथंच. सभागृहात चर्चा झाली असती तर ही फट लवकर उघडी पडली असती. कोविड नसलेल्या रुग्णांचेही दर बांधले, तो भाग पुढं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं रद्द केला.

बावडा_कोर्ट:
दोघंही अंमलबजावणी विसरताय. आदेश मोडल्याची शिक्षा होती भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम १८८ खाली, आणि तिथं पोलिसांनी नुसता गुन्हा नोंदवून भागत नाही. संबंधित अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार न्यायालयात लागते. ती नसली की न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. आदेश आरोपीला माहीत होता, हेही सिद्ध करावं लागतं; म्हणून तो कधी, कुठं, कसा जाहीर केला याची नोंद हवी. आता त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आलं, शिक्षा वाढली, पण लेखी तक्रारीची अट तशीच आहे.

राजारामपुरी_व्यापार:
आमचं दुखणं वेगळं. जून २०२१ ला सरकारनं निर्बंधांचे पाच स्तर केले, त्यांत मोठ्या महापालिका स्वतंत्र धरल्या. कोल्हापूर त्यात बसलं नाही, म्हणून शहर आणि जिल्हा एकच. पॉझिटिव्हिटी (चाचण्यांत बाधित निघालेल्यांचा टक्का) १० टक्क्यांवर, जिल्हा चौथ्या स्तरात, आणि जीवनावश्यक सोडून सगळी दुकानं बंद. दूरच्या गगनबावडा तालुक्याला तोच नियम, शहरातल्या राजारामपुरीला तोच. त्यात पॉझिटिव्हिटी म्हणजे भागाकार: फक्त लक्षणं असलेलेच तपासले की टक्का चढतो, सरसकट तपासले की उतरतो. मुदत काहीही ठेवा, मोजमाप तालुकावार करा.

पंचगंगा_घाट:
कोल्हापूर शहराचा करवीर तालुका बंद आणि शेजारचा हातकणंगले चालू म्हटलं की सगळं गिऱ्हाईक हातकणंगल्यातल्या इचलकरंजीला धावणार, आणि आठ दिवसांत तिथला टक्का चढणार. तालुका तोडून चालणार नाही. दर १५ दिवसांनी चाचण्या, खाटा आणि निर्बंधाचं कारण जिल्हाधिकाऱ्यांनी छापून जाहीर करायची सक्ती असावी, ते मला मान्य. मंजुरी मात्र नको.