तूप-भात आणि साखर: कमी नाही, उशिरा
कुणीतरी लिहिलंय की भातावर तूप घातलं की साखर कमी शोषली जाते, तर ते अर्धंच खरंय, कमी नाही, उशिरा. फॅटी अ‍ॅसिड लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की तिथून सीसीके नावाचं हार्मोन सुटतं आणि जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो, पण आतड्यातला एसजीएलटी-१ (ग्लुकोज शोषून घेणारा वाहक), जो दर ग्लुकोजच्या रेणूमागे सोडियमचे 2 आयन घेऊन आत खेचतो, तो काही सुट्टीवर जात नाही.

मी घणसोलीत राहतो, घरी ग्लुकोमीटर आहे. साध्या वरणभातानंतर तासाभरात रक्तातली साखर 180च्या आसपास (mg/dL), भरपूर तूप घालून (आई खूश!) 150. मीपण खूश झालो, पण 3 तासांनी परत बघितलं तर अजून 155च, एरवी तोवर खाली आलेली असते. त्यामुळे फक्त 1 तासाचं रीडिंग बघून तुपाला औषध म्हणू नका राव.