नुसते सिलेंडर टांगून भागत नाही

वर एकांनी लिहिलंय की शाळेत आग विझवायचे सिलेंडर लावलेत, मग शिक्षकांना वेगळं ट्रेनिंग कशाला. अगदी कळकळीने सांगते, तेवढ्याने भागत नाही. २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली, माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून पेटली ती झावळ्यांच्या छपरापर्यंत गेली आणि ९४ पोरं गेली हो. पुढे २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिलेंडर बसवा आणि शिक्षकांसकट सगळ्या स्टाफला ते वापरायला शिकवा, असं दोन्ही सांगितलं, पण बऱ्याच ठिकाणी बसवण्यावरच गाडी थांबते. पिन ओढायची, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, हँडल दाबून इकडून तिकडे फिरवायची आणि छोटा सिलेंडर काही सेकंदांतच संपतो, हे एकदा स्वतःच्या हाताने केल्याशिवाय ऐनवेळी सुचतच नाही. आणि फक्त शिक्षक नकोत, खिचडी शिजवणाऱ्या ताई, शिपाईमामा, व्हॅनवाले काका सगळे हवेत, मागच्या गेटची किल्ली कुठे असते ते बहुतेक वेळा मामांनाच ठाऊक असतं. शिवाय वर्गशिक्षकांनी बाहेर पडताना हजेरीचं कॅटलॉग घ्यायचंच, मैदानात कोण आलं नाही ते त्यावरूनच कळतं.