मोबाइल हातात मावेनात: तक्रार इंचांची की रुंदी-वजनाची?

मोजपट्टी (धागाकर्ता)

फोन घ्यायला गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो इंचांचा. ६.७, ६.८, आता ६.९. "फोन फार मोठे झालेत" म्हणणारेही हाच आकडा पुढे करतात. तक्रार खरी आहे, पण ती चुकीच्या आकड्यावर केली जाते आणि म्हणून कंपन्यांना तिला बगल देणं सोपं जातं.

इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण. फोन मुठीत बसतो की नाही हे ठरतं रुंदीवर. २०१४ चा आयफोन ६ प्लस ५.५ इंची होता, रुंदी ७७.८ मिमी. २०२३ चा आयफोन १५ प्रो मॅक्स ६.७ इंची, रुंदी ७६.७ मिमी. कर्ण सव्वा इंचाच्या आसपास वाढला आणि फोन उलट एक मिमीनं अरुंद झाला. २०११ चा पहिला गॅलक्सी नोट तर ५.३ इंचच होता, पण ८३ मिमी रुंद! स्क्रीनभोवतीच्या जाड कडा गेल्या, खालचं बटण गेलं आणि स्क्रीनचं उंची-रुंदीचं प्रमाण १६:९ वरून २०:९ वर आलं. १६:९ ची ५.५ इंची स्क्रीन ६८.५ मिमी रुंद भरते, २०:९ ची ६.७ इंची ६९.८ मिमी. वाढ जवळपास सगळी उंचीत झाली, १२२ वरून १५५ मिमी.

मग बिघडलं कुठे? सगळ्यात मोठा फोन होता तिथेच आहे, सगळ्यात छोटा फोन मात्र वर सरकलाय. २०१२ चा आयफोन ५ होता ५८.६ मिमी रुंद आणि ११२ ग्रॅम. २०२५ मध्ये 'कॉम्पॅक्ट' म्हणून आलेला गॅलक्सी एस२५ आहे ७०.५ मिमी आणि १६२ ग्रॅम. त्याखाली नामांकित कंपनीचा धड फोन मिळणं मुश्कील.

वजनाबद्दल तर कोणी बोलतच नाही. आयफोन १४ प्रो मॅक्स २४० ग्रॅम, गॅलक्सी एस२४ अल्ट्रा २३२. वर जाडसर कव्हर, ३०-४० ग्रॅम. टेम्पर्ड ग्लास ०.३३ मिमी जाड आणि १०८ चौ. सेमी धरली तर आणखी ९ ग्रॅम. हे पावणेतीनशे ग्रॅम बहुतेक जण करंगळी खाली आधाराला लावून पेलतात आणि अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणतात. १६३ × ७८ मिमीच्या फोनचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण १८१ मिमी होतो, आयफोन १२ मिनीचा १४६. हा साडेतीन सेंटिमीटरचा फरक अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटाला जाणवतो.

ज्यांना मोठा हवा त्यांनी जरूर घ्यावा. छोटा घ्यायची सोयच ठेवली नाही, यावर आक्षेप आहे.

आडवाट

रुंदीचा मुद्दा मान्य. निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

सोय ठेवली होती, लोकांनी घेतली नाही. ॲपलनं १२ मिनी आणि १३ मिनी काढले, तिसरा काढलाच नाही आणि सप्टेंबर २०२३ मध्ये १३ मिनीही बंद केला. सोनीची एक्सपीरिया 'कॉम्पॅक्ट' मालिका २०१८ च्या एक्सझेड२ कॉम्पॅक्टनंतर थांबली. असूसनं झेनफोन ८, ९, १० असे सलग तीन ५.९ इंची फोन काढले आणि पुढचा ११ अल्ट्रा थेट ६.७८ इंचांवर नेला. तीन वेगवेगळ्या कंपन्या एकाच ठिकाणी येऊन थांबतात तेव्हा ग्राहकाकडेही बघावं लागतं.

ग्राहकाचं चुकतही नाही. बॅटरीचं गणित बघा. १२ मिनी: १३१.५ × ६४.२ × ७.४ मिमी, म्हणजे ६२ घनसेंमी, बॅटरी २२२७ एमएएच. १६३ × ७६ × ८ मिमीचा साधा अँड्रॉइड: ९९ घनसेंमी, बॅटरी ५०००. आकार १.६ पट, बॅटरी सव्वादोन पट. मदरबोर्ड, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगचं पोर्ट यांना दोन्हीकडे साधारण तेवढीच जागा लागते, त्यामुळे वाढीव जागा जवळजवळ अख्खी बॅटरीला मिळते. स्क्रीनचं क्षेत्रफळ मात्र दीडपटच वाढतं. म्हणून मोठी स्क्रीन जास्त वीज खाऊनही मोठा फोन जास्त टिकतो.

उष्णतेचंही तेच. प्रोसेसर तोच, पण उष्णता पसरायला मागचा पत्रा छोटा. नकाशा, हॉटस्पॉट किंवा व्हिडिओ कॉल अर्धा तास चालला की छोटा फोन आधी वेग उतरवतो. उन्हात तर ब्राइटनेसही आपोआप खाली येतो.

निशिगंध

आडवाट, "लोकांनी घेतला नाही" म्हणताय, पण विकायला काय ठेवलं होतं? १२ मिनी भारतात आला ६९,९०० रुपयांना. त्याच वर्षी काही महिने आधी ४.७ इंची आयफोन एसई ४२,५०० ला आला होता. ज्यांना छोटा आयफोन हवा होता त्यातले बरेच जण तिकडे गेले असणार. शिवाय ते साल २०२०. माणसं घरात बसलेली, खिशात मावण्याची निकड कोणाला होती?

आणि दहा ते वीस हजारांत छोटा फोन कुठे आहे? २०१७ चा रेडमी ५ए पाच इंची होता, १३७ ग्रॅम, किंमत पाच-सहा हजार. तो भारतात भरपूर चालला. त्यानंतर त्या किमतीला तसा आकार परत कोणी फारसा मांडलाच नाही. दुकानात न ठेवलेल्या वस्तूला नापसंतीचा शिक्का मारू नका.

खिशाचंही बोलू. २०१८ मध्ये 'द पुडिंग' या संकेतस्थळानं वीस ब्रँडच्या जीन्स मोजल्या होत्या. बायकांच्या जीन्सचा पुढचा खिसा पुरुषांच्या खिशापेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल निघाला. आपल्याकडे साडी आणि बहुतेक कुर्त्यांना तर खिसाच नसतो. फोन पर्समध्ये किंवा हातात. हातात म्हणजे दिवसभर हातात, दुसऱ्या हातात पिशवी नाहीतर मूल. लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला असताना २३० ग्रॅमचा फोन दुसऱ्या हातानं धरून त्याच हाताच्या अंगठ्यानं तिकीट दाखवायचं, हा रोजचा वापर आहे. तो कोणाच्या हाताचं माप धरून आखला?

कळफलक

निशिगंध यांच्या "स्वस्त छोटा फोन का नाही" या प्रश्नाचं उत्तर आतल्या रचनेत आहे.

महाग छोट्या फोनमध्ये मदरबोर्ड दुमडलेला असतो: दोन बोर्ड एकमेकांवर ठेवून मधल्या चौकटीतून जोडतात. आयफोन टेन (२०१७) पासून ॲपल हे करतंय. जागा वाचते, पण जोडणी अवघड, उष्णता मध्ये अडकते आणि दुरुस्तीला बोर्ड सोडवावा लागतो. स्वस्त फोनमध्ये एकच सपाट बोर्ड वर, चार्जिंग-माइक-स्पीकरचा छोटा बोर्ड तळाला आणि दोन्ही जोडणारी फ्लेक्स (लवचिक तारांची) पट्टी बॅटरीवरून गेलेली. हे स्वस्त पडतं, पण जागा खातं.

स्क्रीनचंही तसंच. लवचिक ओलेड पॅनेलची खालची कड मागे दुमडून चालक-चिप (स्क्रीन चालवणारी चिप) मागे नेता येते. साध्या एलसीडीत ते जमत नाही, म्हणून खाली जाड कड, म्हणजे 'हनुवटी' राहते. शिवाय एलसीडीमागे बॅकलाइटचा थर, म्हणजे जाडी आली. वरून हेडफोनचं भोक, दोन सिम आणि मेमरी कार्डचा ट्रे. पंधरा हजारांच्या फोनमध्ये हे सगळं हवं असेल तर तो छोटा करणं हे मोठा करण्यापेक्षा महाग आहे. मागणी असली तरी त्या किमतीत ते गणित बसत नाही. हे कंपन्यांचं समर्थन नाही, पण अडचण खरी आहे.

कॅमेरा हे दुसरं कारण. '१ इंची' म्हणतात तो सेन्सर १३.२ × ८.८ मिमी असतो. त्याच्यापुढे भिंगांची उंची लागते, शेजारी पेरिस्कोप (दूरचं टिपणारा, भिंगं आडवी बसवलेला कॅमेरा). एवढा कॅमेरा ६४ मिमी रुंद फोनमध्ये घातला तर वरचा एक तृतीयांश भाग त्यातच जाईल.

पाटबंधारे

सगळे हाताबद्दल बोलतायत, डोळ्यांबद्दल कोणीच नाही. मराठी वाचणाऱ्याला मोठी स्क्रीन ही चैन नाही.

देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. त्याच पॉइंटला (अक्षराच्या आकाराच्या मापाला) रोमन अक्षर वाचता येतं तिथे 'द्ध' आणि 'द्व' एकसारखे दिसायला लागतात. आता शासन निर्णयाची पीडीएफ घ्या. ए-४ कागद २१० मिमी रुंद. ६.७ इंची स्क्रीनवर तो ७० मिमीत बसतो, म्हणजे १० पॉइंटचा मजकूर ३.३ पॉइंटचा होतो. फोन आडवा केला की १५५ मिमी मिळतात आणि अक्षर ७.४ पॉइंटवर येतं. वाचता येतं. १२ मिनीवर उभं धरलं तर २.७ आणि आडवं केलं तरी ५.९. चाळिशी लागलेल्या माणसानं ते कसं वाचावं?

ज्यांच्या घरात लॅपटॉप नाही त्यांचे सातबारा, हॉलतिकीट, बँकेचं स्टेटमेंट, मुलांचा अभ्यास सगळं या एकाच स्क्रीनवर चालतं. टॅब वेगळा घ्या म्हणणं सोपं आहे.

मोजपट्टी

पाटबंधारे, पीडीएफचा हिशोब बिनतोड आहे, त्यावर वाद नाही. पण एक भर. मोठ्या फोनवर अक्षर आपोआप मोठं होत नाही. अँड्रॉइडमध्ये अक्षराचा आकार ठरतो 'डीपी' या एककावर (पिक्सेलऐवजी वापरतात ते स्क्रीनवरच्या लांबीचं माप). बहुतेक फोनची रुंदी ३६० ते ४१२ डीपी ठेवलेली असते. ६.७ इंची फोन ४१२ वर ठेवला तर त्यात मजकूर जास्त मावतो, अक्षर फारसं वाढत नाही. वडीलधाऱ्यांना फोन दिल्यावर हे करा: सेटिंग्ज, डिस्प्ले, 'डिस्प्ले साइज अँड टेक्स्ट'. तिथे आधी डिस्प्ले साइज एक पायरी वाढवा, मग फॉन्ट साइज. नुसता फॉन्ट शेवटच्या टोकाला नेला तर काही ॲपमध्ये बटणावरचे शब्द कापले जातात आणि 'रद्द करा' कुठलं, 'पुढे' कुठलं ते कळत नाही. पैसे पाठवताना हे महागात पडतं.

रानवाटा

"एका हातात वापरता येत नाही" याला सॉफ्टवेअरनं उत्तर दिलंय, निम्म्या लोकांनी ते चालूच केलेलं नसतं.

आयफोनवर: सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टच, रीचेबिलिटी. मग तळाच्या पट्टीवर बोट खाली ओढलं की वरचा भाग खाली येतो. अँड्रॉइड १२ पासून: सेटिंग्ज, सिस्टिम, जेश्चर्स, वन-हँडेड मोड. सॅमसंगवर ते 'ॲडव्हान्स्ड फीचर्स'मध्ये आहे. खाली तीन बटणं ठेवली असतील तर ओढण्याची ही खूण बहुतेक ठिकाणी चालत नाही, आधी जेश्चर नेव्हिगेशन लावावं लागतं. जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातल्या चार चौकोनांवर टॅप करून 'वन-हँडेड' निवडा, कळा एका बाजूला सरकतात. आयफोनच्या सफारी ब्राउझरचा पत्ता-पट्टा २०२१ पासून खाली आहे. एवढं केलं की ७७ मिमीचा फोन एका हातानं चालतो.

निशिगंध

चालतो, पण दर वेळी एक हालचाल जास्त. खूण चुकली की स्क्रीन खाली येण्याऐवजी होमवर जातो. आणि वजन कुठल्या सेटिंगमध्ये कमी होतं?

मोबाइल डिझाइनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, बसमध्ये १,३३३ लोकांचा फोन-वापर पाहिला होता, त्यातल्या स्क्रीनला बोट लावणाऱ्यांपैकी ४९ टक्के एका हातानं वापरत होते. तेव्हाचे फोन आजच्या मानानं लहान होते. माणसाची एका हाताची गरज संपलेली नाही, आता ती भागत नाही एवढंच.

आडवाट

माझ्या बॅटरीच्या मुद्द्याला आता एक अपवाद आलाय, तो मीच मांडतो. सिलिकॉन-कार्बन बॅटरी. नेहमीच्या बॅटरीतलं ग्रॅफाइट ग्रॅममागे जास्तीत जास्त ३७२ एमएएच साठवतं, सिलिकॉन त्याच्या नऊ-दहा पट. पण चार्ज होताना सिलिकॉन जवळपास तिप्पट-चौपट फुगतं, म्हणून ते कार्बनच्या जाळीत थोड्या प्रमाणातच मिसळतात. तेवढ्यानंही फरक पडतो. २०२५ मध्ये भारतात आलेला वनप्लस १३एस ६.३२ इंची, १८५ ग्रॅम, बॅटरी ५८५० एमएएच. विवो एक्स२०० एफई साधारण त्याच आकारात ६५००. म्हणजे 'छोटा म्हणजे दुपारी चार्जर' हे आता खरं राहिलेलं नाही.

पण वनप्लसची किंमत २०२५ मध्ये आला तेव्हा ५४,९९९ होती आणि रुंदी ७१.७ मिमी. स्वस्तात अजूनही नाही. आणि मिळालेली जागा कंपन्यांनी फोन बारीक करायला नाही, बॅटरी फुगवायला वापरली. माझ्या मते ग्राहक हेच मागतोय.

कळफलक

घडीच्या फोनचा विषय निघेलच म्हणून आधीच सांगतो: गॅलक्सी झेड फ्लिप ६ मिटला की ८५ मिमी उंच, खिशाचा प्रश्न सुटतो. पण उघडल्यावर १६५ मिमी उंच, ७२ मिमी रुंद आणि १८७ ग्रॅम. अंगठ्याला काहीच दिलासा नाही. धूळ बिजागरीत जाते ती वेगळीच.

मोजपट्टी

घेण्याआधी करता येण्यासारखं एक सांगतो, दोन्ही बाजूंच्या लोकांना उपयोगी. फोनच्या माहितीपत्रकातून उंची, रुंदी, जाडी लिहून घ्या. प्रत्येक मापात कव्हरचे ३-३ मिमी मिळवा. त्या मापाचा पुठ्ठा कापून थरावर थर चिकटवा आणि मध्ये नाणी बसवून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर फोन + ४० ग्रॅम एवढं वजन भरा. मग तो अर्धा तास एका हातात धरून वाचत असल्यासारखं बसा, खिशात घालून जिना चढा, वाका. पकड न बदलता अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्याला लागतो का बघा. दुकानात साखळीला बांधलेला, बिनकव्हरचा फोन दोन मिनिटं धरून यातलं काही कळत नाही.

पाटबंधारे

आणि त्याच पुठ्ठ्यावर स्क्रीनच्या मापाची चौकट आखून त्या रुंदीत शासन निर्णयाचं एक पान छापून चिकटवा. चष्मा लावून वाचता आलं तरच छोटा घ्या.