अ‍ॅप्ट अपडेट मारलं तरी काहीच अपडेट होत नाही, वर ही लॉकची भानगड (उबुंटू २४.०४)

घरचा_आयटीवाला

नमस्कार मंडळी, पहिलीच पोस्ट आहे, चुकीच्या विभागात पडली असेल तर हलवा. मोबाईलवरून लिहितोय त्यामुळे कमांडी पण देवनागरीतच टाकतो, समजून घ्या.

बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज अगदीच रडायला लागलं होतं म्हणून उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. चाललंय बऱ्यापैकी. त्यांना पाहिजे काय तर ब्राउझर आणि मराठी टायपिंग, सोसायटीच्या नोटिसा तेच काढतात. आता गंमत अशी की टर्मिनलमध्ये (कमांडी टाईप करायची खिडकी) अ‍ॅप्ट ह्या सॉफ्टवेअर टाकायच्या-काढायच्या टूलला सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, "सुडो अ‍ॅप्ट अपडेट" मारलं, भराभरा ओळी गेल्या, शेवटी म्हणे इतकी इतकी पॅकेजेस अपग्रेड होऊ शकतात, आणि संपलं. बदललं काहीच नाही. मग हे अपडेट नक्की करतं तरी काय?

मग "अ‍ॅप्ट अपग्रेड" मारलं तर "वेटिंग फॉर कॅश लॉक, कुड नॉट गेट लॉक" असं काहीतरी येऊन सेकंद मोजत बसलंय, कंसात अनअटेंडेड अपग्रेडचं नाव दिसतंय. यूट्यूबवर एकजण सांगतोय की ती लॉकची फाईल आरएम मारून उडवा, दोन मिनिटांत काम होतं. उडवू का?

अजून एक, निम्मे लोक अ‍ॅप्ट लिहितात आणि निम्मे अ‍ॅप्ट-गेट, ह्यात वापरायचं कुठलं? आणि सॉफ्टवेअर काढताना रिमूव्ह की पर्ज की ऑटोरिमूव्ह, कशाने काय उडतं ते कळलं तर बरं, कारण लॅपटॉप बिघडला तर बाबा मलाच फोन करणार आणि मी राहतो दुसऱ्या गावात.

खिडकीबाहेर

थांब थांब, उडवू नकोस!! आधी हे वाच.

लॉक म्हणजे बिघाड नाहीये, तिथे खरंच कोणीतरी काम करतंय. उबुंटूत अनअटेंडेड अपग्रेड्स नावाचं एक प्रकरण आधीपासून चालू असतं, ते सिक्युरिटीचे अपडेट मागच्या मागे टाकत राहतं. त्याची रोजची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळेला लॅपटॉप बंद असला तर पुढच्या वेळी चालू केल्या केल्या ते कामाला लागतं. बाबांचा लॅपटॉप आठवडाभर बंद असेल, तू उघडलास आणि लगेच टर्मिनलमध्ये घुसलास, तर धडक होणारच ना. दहा पंधरा मिनिटं दे, नेट स्लो असेल तर जास्त, चहा घेऊन ये, बाकी काही करायचं नाही.

फाईल उडवली तर काय होतं ते पण सांगतो कारण हे यूट्यूबवाले तेवढंच सांगत नाहीत. लॉक त्या फाईलच्या असण्यात नसतंच, चालू असलेल्या प्रोसेसने ती फाईल धरून ठेवलेली असते, ती प्रोसेस संपली की लॉक आपोआप सुटतं, फाईल तिथेच पडून राहते आणि राहू दे. तू फाईल उडवलीस की तुझं अ‍ॅप्ट नवीन फाईल बनवतं आणि त्याला वाटतं रान मोकळं आहे, पण पहिली प्रोसेस अजून चालूच आहे, म्हणजे आता दोघंजण एकाच वेळी डीपीकेजीच्या (प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं आतलं टूल) स्टेटस फाईलीत लिहितायत. त्या फाईलीत तुझ्या मशीनवर काय काय टाकलंय त्याची सगळी नोंद असते. ती बिघडली की मग निस्तरत बस.

समजा मध्येच लाईट गेली किंवा बॅटरी संपली आणि काम अर्धवट राहिलं, तर मशीन चालू करून "सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए". अर्धवट राहिलेली पॅकेजेस तो नीट बसवतो. तरी कुरकुर केली तर "सुडो अ‍ॅप्ट डॅश डॅश फिक्स डॅश ब्रोकन इन्स्टॉल". ह्या दोन कमांडी बाबांच्या लॅपटॉपच्या मागे कागदावर लिहून चिकटव, फोनवर सांगायला सोपं पडेल.

अपडेटचं म्हणशील तर ती दुकानातून नवीन मालाची यादी आणणं आहे, माल नाही. यादी आणली की मग "अपग्रेड" म्हटल्यावर माल येतो. म्हणून नवीन काही इन्स्टॉल करायच्या आधी पण अपडेट मारायचं, नाहीतर ताज्या इन्स्टॉलवर "अनएबल टू लोकेट पॅकेज" येतं आणि लोक नावाचं स्पेलिंग तपासत बसतात. (स्पेलिंग पण तपासा म्हणा, सगळं स्मॉल लेटरमध्ये असतं.)

सर्व्हरची_रात्रपाळी

वरच्यांनी लॉकचं बरोबर सांगितलंय. मी अ‍ॅप्ट आणि अ‍ॅप्ट-गेटचं सांगतो, दिवसभर हेच करतो.

अ‍ॅप्ट-गेट जुनं, डेबियनमध्ये (उबुंटू ज्याच्यावर बेतलंय ते लिनक्स) १९९० च्या दशकाच्या शेवटापासून आहे. नुसती "अ‍ॅप्ट" ही कमांड आली २०१४ ला, अ‍ॅप्टच्या १.० व्हर्जनबरोबर. आत इंजिन एकच आहे, फक्त अ‍ॅप्ट माणसाने हाताने मारायला केलंय म्हणून तिथे रंग, प्रोग्रेस बार वगैरे दिसतं, आणि अ‍ॅप्ट-गेट स्क्रिप्टसाठी, कारण त्याचं आउटपुट आणि वागणं सहसा बदलत नाहीत. अ‍ॅप्टचं आउटपुट पाईप करून बघ, ते स्वतःच वॉर्निंग देतं की स्क्रिप्टमध्ये जपून वापरा म्हणून. तुला घरी अ‍ॅप्ट पुरे.

पण एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. "अ‍ॅप्ट-गेट अपग्रेड" नवीन पॅकेज कधीच टाकत नाही, फक्त असलेली वर नेतं. कर्नलचं (सिस्टीमचा गाभा) नवीन व्हर्जन प्रत्येक वेळी नव्या नावाचं पॅकेज म्हणून येतं, त्यामुळे अ‍ॅप्ट-गेटने कर्नल मागेच राहतो, "केप्ट बॅक" म्हणून. "अ‍ॅप्ट अपग्रेड" लागलं तर नवीन टाकतं पण असलेलं काढत मात्र नाही. काढायची पण मुभा द्यायची असेल तर "फुल-अपग्रेड". ते मारताना काय काढणार ती यादी नीट वाचायची, आणि यादीत डेस्कटॉपचं काही दिसलं तर सरळ एन दाबायचं.

हे गंमत म्हणून नाही सांगत. २०२१ ला एका चांगल्या नावाजलेल्या टेक यूट्यूबरने पॉप ओएसवर (उबुंटूवर बेतलेलं लिनक्स) स्टीम (गेम्सचं अ‍ॅप) टाकायला घेतलं, रिपॉझिटरीत (पॅकेजेस जिथून येतात तो साठा) पॅकेजचा गोंधळ होता, अ‍ॅप्टने सांगितलं की स्टीम टाकायचं तर डेस्कटॉप काढावा लागेल, खरंच करायचं असेल तर "येस, डू अ‍ॅज आय से!" असं पूर्ण वाक्य टाईप करा. त्याने केलं. डेस्कटॉप गेला, काळा स्क्रीन, आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर. तेव्हा मोठी भांडणं झाली होती, अर्धे म्हणाले वाचता येत नाही का आणि अर्धे म्हणाले साधा गेमिंगवाला माणूस एवढ्या ओळी वाचणार आहे का. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे. त्यानंतर अ‍ॅप्टवाल्यांनी ते बदललं, आता नवीन व्हर्जनमध्ये असं वाक्य टाईप करून महत्त्वाची पॅकेजेस उडवता येत नाहीत, त्यासाठी वेगळा ऑप्शन मुद्दाम द्यावा लागतो.

खिडकीबाहेर

रिमूव्ह पर्जचं राहिलंच. रिमूव्हने प्रोग्रॅम जातो पण इटीसी फोल्डरमधल्या त्याच्या सिस्टीमच्या कॉन्फिग फाईली राहतात, पुन्हा टाकलं तर जुनं सेटिंग तसंच मिळतं. पर्जने त्या पण जातात. पण होम फोल्डरमधलं, म्हणजे लपलेल्या डॉट कॉन्फिग फोल्डरातलं तुझं सेटिंग, बुकमार्क वगैरे, दोन्हीपैकी कोणीच हात लावत नाही. त्यामुळे "पर्ज केलं तरी जुनंच सेटिंग येतंय" ही तक्रार इथे दर महिन्याला कोणीतरी करतंच.

ऑटोरिमूव्ह म्हणजे दुसऱ्या कशासाठी तरी आपोआप आलेली आणि आता कोणालाच नको असलेली पॅकेजेस काढणं. जुने कर्नल साफ करायला उत्तम, चालू असलेला कर्नल ते ठेवतं, घाबरू नकोस. यादीत एखादं तुला हवं असलेलं दिसलं तर "सुडो अ‍ॅप्ट-मार्क मॅन्युअल" आणि पुढे पॅकेजचं नाव, की मग ते त्याला शिवत नाही. आणि अ‍ॅप्टच्या इन्स्टॉल, रिमूव्ह, अपग्रेड असल्या कमांडीला डॅश एस लावलास तर ती नुसती करून दाखवते, खरं काही करत नाही, सुडोपण लागत नाही. नवीन माणसाने ही सवय लावून घ्यावी.

पायथॉन_पामर

धाग्यात घुसतोय सॉरी, पण माझं पण अ‍ॅप्टशीच संबंधित आहे. पायथॉनच्या लायब्ररी टाकायला "पिप इन्स्टॉल" मारलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट" म्हणून लाल एरर येते, आधीच्या उबुंटूवर कधी आली नव्हती. खाली तोच सांगतोय की "ब्रेक सिस्टीम पॅकेजेस" असा ऑप्शन द्या. देऊ का?

अजून एक, मित्राच्या मशीनवर अ‍ॅप्ट अपडेटला सगळीकडे ४०४ येतंय, त्याच्याकडे २३.१० आहे.

सर्व्हरची_रात्रपाळी

@पायथॉन_पामर ऑप्शनचं नाव वाचलंस ना, "सिस्टीमची पॅकेजेस मोडा" असं लिहिलंय, मग कशाला द्यायचा तो 😄

कारण असं की उबुंटूची स्वतःची बरीच टूल्स सिस्टीमच्या पायथॉनवर चालतात, त्यात पिपने वरून वेगळ्या व्हर्जनच्या लायब्ररी घातल्या की अ‍ॅप्टला पत्ताच नसतो आणि एक दिवस भलतंच काहीतरी बंद पडतं. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून हे कुलूप आहे. लायब्ररी अ‍ॅप्टमध्येच असेल तर तिथून घे, नाव सहसा पायथॉन३ डॅश आणि पुढे लायब्ररी असं असतं. नसेल तर "सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल पायथॉन३-व्हेन्व्ह", मग प्रोजेक्टच्या फोल्डरात व्हेन्व्ह (सिस्टीमपासून वेगळं ठेवलेलं पायथॉन) बनव आणि त्यात पिप पाहिजे तेवढं नाचव. नुसतं एखादं टूल कमांड म्हणून पाहिजे असेल तर पिपएक्स.

मित्राचं सोपं आहे, २३.१० चा सपोर्ट जुलै २०२४ ला संपला. मधल्या रिलीजना नऊच महिने मिळतात, नंतर पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून ओल्ड-रिलीजेसच्या सर्व्हरवर नेतात, म्हणून ४०४. बॅकअप घेऊन २४.०४ टाकायला सांग, एलटीएसला (लांब मुदतीच्या सपोर्टच्या रिलीजला) पाच वर्षं बघायला नको.

आणि आता लोक येऊन सांगतील की सोर्सेस डॉट लिस्ट (रिपॉझिटरींच्या पत्त्यांची फाईल) उघडा आणि त्यात ओळ बदला. २४.०४ मध्ये त्या फाईलीत नुसती एक कॉमेंट आहे, खरं सगळं सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी फोल्डरातल्या उबुंटू डॉट सोर्सेस फाईलीत गेलंय आणि लिहायची पद्धतपण वेगळी आहे. जुन्या ब्लॉगवरून कॉपी करू नका, एकच रिपॉझिटरी दोनदा जोडली जाते आणि दर अपडेटला वॉर्निंगांचा पाऊस.

निळा_टर्मिनल

एवढं सगळं बाबांसाठी कशाला? अ‍ॅप सेंटर उघडा, क्लिक करा, झालं. फायरफॉक्स तर तसाही स्नॅपच (उबुंटूचा वेगळा पॅकेजचा प्रकार) येतो, २२.०४ पासून "अ‍ॅप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स" मारलं तरी मागून स्नॅपच टाकतो.

खिडकीबाहेर

@निळा_टर्मिनल तेच तर डोक्यात जातं ना, अ‍ॅप्टला सांगितलं एक आणि आलं दुसरं. स्नॅप वाईट आहे असं नाही, पण जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची स्वतःची डेब (अ‍ॅप्टच्या पॅकेजेसची) रिपॉझिटरी आहे, ती जोडून तिला प्रायॉरिटी वर द्यावी लागते, नाहीतर उबुंटू पुन्हा स्नॅपवर नेतो. पण बाबांसाठी आहे तसं राहू दे, हे मान्य.

@घरचा_आयटीवाला मराठीचं: "सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल आयबस-एम१७एन", मग लॉगआउट करून परत लॉगिन (हे लोक विसरतात आणि मग यादीत मराठी दिसत नाही म्हणतात), मग सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, अधिकचं चिन्ह, मराठी. तिथे इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स असे प्रकार दिसतील. बाबा आधी कशावर टाईप करायचे ते विचार, इनस्क्रिप्टवाल्याला फोनेटिक दिलं तर नोटीस सोडून तुलाच नोटीस मिळेल. फॉन्टसाठी "अ‍ॅप्ट सर्च लोहित" करून बघ, देवनागरीचा लोहित बहुतेक असेलच, पण त्यातच मराठीचा म्हणून वेगळा मिळतो तो टाक, ल आणि श आपल्या वळणाचे येतात. प्रिंट काढल्यावर फरक दिसतो.

घरचा_आयटीवाला

भारी!! थांबलो, लॉक आपलं आपण सुटलं, अपग्रेड झालं. टायपिंग पण चालू, बाबांना इनस्क्रिप्टच पाहिजे होतं. फक्त अपग्रेडच्या शेवटी "डिफर्ड ड्यू टू फेजिंग" म्हणून तीन पॅकेजेस राहिलीत, परत परत मारलं तरी येत नाहीत. फुल-अपग्रेड मारू?

आणि मी इथे नसताना तिकडे काय काय इन्स्टॉल झालं ते नंतर कुठे बघता येतं का?

सर्व्हरची_रात्रपाळी

नको मारू, फुल-अपग्रेडने पण येणार नाहीत. उबुंटू काही अपडेट सगळ्यांना एकदम सोडत नाही, आधी थोड्या मशीनना देतं, क्रॅशचे रिपोर्ट वाढले तर तिथेच थांबवतं, नाहीतर टक्का वाढवत नेतं. तुझा नंबर आला की नेहमीच्या अपग्रेडमध्ये येतील. सिक्युरिटीचे अपडेट असे अडवत नाहीत, तेव्हा काळजी नको.

दुसऱ्याचं उत्तर: व्हार, लॉग, अ‍ॅप्ट, त्यात हिस्टरी डॉट लॉग. तारीख, वेळ, कुठली कमांड मारली आणि त्यामुळे काय आलं काय गेलं सगळं असतं, अनअटेंडेडने केलेलं पण. जुन्या महिन्यांच्या फाईली तिथेच जीझिप करून पडलेल्या असतात, त्या "झेडलेस"ने उघड. अ‍ॅप्टला अनडू नाहीये, पण ही फाईल बघून काय परत टाकायचं ते कळतं. बाबांचा फोन आला की पहिली हीच उघडायला सांग.