राल्स्टन यांच्या कर्णधारपदाविषयी

'अमेरिकन टेनिसपटू डेनिस राल्स्टन यांना एकेरीचे एकही ग्रँड स्लॅम मिळाले नाही, म्हणून त्यांची कारकीर्द महाविद्यालयीन यशापुरतीच राहिली', हे त्यांच्याविषयीच्या चर्चेत मांडले गेलेले मत मला पटत नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळताना १९६३ आणि १९६४ अशी सलग दोन वर्षे त्यांनी अमेरिकन आंतरविद्यापीठ एकेरीचे विजेतेपद मिळवले, आणि १९६६ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात ते मानुएल सान्ताना यांच्याकडून हरले, इथवरचे तपशील चर्चेत आलेच आहेत.

राहून गेला तो १९७२ चा डेव्हिस चषक, म्हणजे देशांच्या संघांमधली टेनिस स्पर्धा. याच स्पर्धेच्या १९६४ च्या अंतिम लढतीत ऑस्ट्रेलियाच्या फ्रेड स्टोलविरुद्ध पाच सेटपर्यंत झुंजून पराभव पत्करलेले राल्स्टन आठ वर्षांनी अमेरिकन संघाचे कर्णधार म्हणून अंतिम लढतीसाठी रोमानियातील बुखारेस्टला गेले. तिथे संथ लाल मातीचे मैदान होते, प्रेक्षक पूर्णपणे यजमानांच्या बाजूने होते आणि रेषापंचांचे निर्णयही वादग्रस्त ठरत होते. तरीही अमेरिकेच्या स्टॅन स्मिथ यांनी रोमानियाच्या इऑन तिरिआक यांना पाच सेटमध्ये हरवून चषक अमेरिकेकडेच राखला. स्मिथ हेही राल्स्टन यांच्याच विद्यापीठाचे, तिथले प्रशिक्षक जॉर्ज टोली यांच्याच हाताखाली घडलेले, हा धागा मला फार मोलाचा वाटतो. पुढे टेनिसपटू ख्रिस एव्हर्ट यांनीही राल्स्टन यांचे मार्गदर्शन घेतले.